चर्चची माणसं सरकारी शाळेत: अमेरिकेतल्या मराठी पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा सुरू होऊन काही आठवडे झाले की दप्तरातून एक चिठ्ठी घरी येते. जवळच्या चर्चचे स्वयंसेवक आठवड्यातून एकदा मुलांसोबत वाचायला बसणार आहेत, हरकत नसेल तर सही करा. मग मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा पेटते. एक गट म्हणतो, फुकट शिकवणी मिळतेय, नाही कशाला म्हणायचं? दुसरा म्हणतो, आज वाचन, उद्या बायबल. दोन्हीकडे मतं भरपूर आणि माहिती बेताची. खालचे प्रश्न अशाच चर्चांमध्ये पुन्हा पुन्हा येणारे आहेत. नियम राज्यागणिक आणि डिस्ट्रिक्टगणिक (म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागागणिक) बदलतात, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या शाळेच्या ऑफिसचा.

चर्चची माणसं शाळेत येऊन नेमकं करतात तरी काय?

बहुतेक ठिकाणी अगदी साधी कामं. पहिली ते तिसरीच्या मुलांचं वाचन ऐकणं, पाढे घोटून घेणं, वाचनालयात पुस्तकं लावणं, जेवणाच्या सुट्टीत लक्ष ठेवणं. ऑगस्टमध्ये वह्या-पेन्सिलींनी भरलेली दप्तरं वाटणं, शुक्रवारी गरजू मुलांच्या दप्तरात शनिवार-रविवारच्या खाण्याची पिशवी ठेवणं. शाळा सुरू होण्याआधी भिंती रंगवणं, बाग साफ करणं. परीक्षांच्या आठवड्यात शिक्षकांना जेवण देणं हाही मोठा लोकप्रिय प्रकार आहे, आणि शिक्षकांना विचाराल तर सगळ्यात आवडता.

यातला एक साचा बऱ्याच राज्यांत दिसतो: एक चर्च, एक शाळा, एक मूल, आठवड्यातून एक तास. मिशिगनमध्ये १९९५ साली सुरू झालेल्या ‘किड्स होप यूएसए’ या संस्थेनं तो पसरवला. शिक्षक मूल सुचवतात, पालक परवानगी देतात आणि तीच एक व्यक्ती वर्षभर, जमलं तर पुढची काही वर्षं, त्याच मुलाला भेटते. माझ्या मते या सगळ्या उद्योगातला खरा ऐवज हाच आहे. दप्तर कुणीही वाटू शकतं. दर बुधवारी साडेदहाला तेच माणूस आपल्यासाठी येऊन बसतं, हे ज्या मुलाच्या घरी दर सहा महिन्यांनी पत्ता बदलतो त्याला फार मोठं असतं.

इथे धर्म आणि सरकार वेगळं असतं ना? मग हे चालतं कसं?

चालतं, कारण मदत करणारा कुठून आला यावर बंदी नाही. सरकारी शाळेनं धर्म पुरस्कृत करण्यावर आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीत दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत: सरकारनं धर्म प्रस्थापित करू नये आणि नागरिकाच्या धर्माचरणात आडवंही येऊ नये. यांच्यामधली वाट न्यायालयांनी खटल्या-खटल्यानं आखली. १९६२ च्या ‘एंगल विरुद्ध व्हिटाली’ खटल्यात राज्याच्या शिक्षण मंडळानं लिहून दिलेली, शाळेत म्हटली जाणारी प्रार्थना बाद झाली, पुढच्याच वर्षी शाळेनं करवून घेतलेलं बायबलवाचनही. २०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टनच्या एका फुटबॉल प्रशिक्षकाला सामन्यानंतर मैदानावर स्वतःपुरती प्रार्थना करण्याचा हक्क आहे, असा ६ विरुद्ध ३ मतांनी निकाल आला आणि जुन्या कसोट्या सैल झाल्या. तेव्हापासून कुंपण नेमकं कुठे आहे यावर वकीलही भांडतात.

पण तुमच्या मुलाच्या वाचनाच्या तासापुरती गोष्ट त्यामानाने स्पष्ट आहे. शाळेच्या कार्यक्रमात, शाळेच्या वेळेत, शाळेनं नेमून दिलेल्या मुलाबरोबर बसलेला स्वयंसेवक त्या वेळी शाळेचा माणूस असतो. शिक्षकाला जे चालत नाही ते त्यालाही चालत नाही.

टेक्सासमधल्या बोमाँट या गावचा दाखला नेहमी दिला जातो. १९९६ च्या सुमारास तिथल्या डिस्ट्रिक्टनं मुलांशी गप्पा मारायला, त्यांना धीर द्यायला फक्त धर्मोपदेशकांनाच बोलावलं. धर्माचं बोलायचं नाही अशी ताकीदही दिली होती. तरी काही पालक कोर्टात गेले आणि प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. शाळांनी त्यातून घेतलेला धडा व्यवहारी आहे: चर्चला बोलवा, पण फक्त चर्चला नको. देवळातले, मशिदीतले, सिनेगॉगमधले, कुठेच न जाणारे, सगळ्यांसाठी दार सारखंच उघडं ठेवा. त्याच काळात, १९९९ मध्ये, ‘अमेरिकन ज्युईश काँग्रेस’, ‘ख्रिश्चन लीगल सोसायटी’ आणि ‘फर्स्ट अमेंडमेंट सेंटर’ यांनी मिळून शाळा आणि धार्मिक संस्थांच्या भागीदारीसाठी एक मार्गदर्शिका काढली. एरवी कोर्टात समोरासमोर उभी राहणारी मंडळी एका कागदावर आली, यावरून अशा मार्गदर्शिकेची गरज कळावी.

म्हणजे देवाधर्माचं अजिबात बोलणार नाहीत?

स्वतःहून बोलायचं नाही, हा नियम आहे. मुलानंच विचारलं, “तुम्ही चर्चला जाता का?”, तर “हो, जाते” एवढं खरं उत्तर देऊन पुन्हा पुस्तकाकडे वळायचं. “तूही ये की रविवारी” हे वाक्य रेषेपलीकडचं. येशूची गोष्ट असलेलं पुस्तक भेट देणं, मुलासोबत डोळे मिटून प्रार्थना करणं, घरी कुठल्या देवाची पूजा करता असं खोदून विचारणं हेही पलीकडचं. चर्चमध्ये किंवा घरी बसून मुलासाठी प्रार्थना करायला अर्थातच कुणाची मनाई नाही. ‘किड्स होप’मध्ये तर प्रत्येक मेंटॉरमागे, म्हणजे मुलाला नेमानं भेटणाऱ्या स्वयंसेवकामागे, प्रार्थना करणारा एक जोडीदार असतो, जो शाळेत येत नाही.

यातच एक गोष्ट आहे जी चांगल्या हेतूनं चुकते. प्रार्थनासभेत “आपल्या अमुकच्या वडिलांची नोकरी गेली, त्याच्यासाठी प्रार्थना करा” असं मुलाचं नाव घेऊन सांगितलं जातं. प्रेमानंच, पण घरची गोष्ट गावभर होते. विद्यार्थ्यांच्या नोंदींची गोपनीयता राखणारा १९७४ चा संघराज्य कायदा शाळेला लागू आहे, आणि शाळेत कळलेलं बाहेर बोलायचं नाही हे बहुतेक शाळा स्वयंसेवकांकडून लिहून घेतात. तुम्हाला काळजी असेल तर हा प्रश्न थेट विचारा. “धर्मांतर करणार का?” यापेक्षा तो जास्त उपयोगी आहे.

मग तो गुड न्यूज क्लब, आणि बायबलच्या तासाला मुलांना नेणारी बस?

ती वेगळी प्रकरणं आहेत, आणि घोळ नेमका इथेच होतो. सारखाच रंगीत कागद, सारख्याच हसऱ्या मुलांचे फोटो, पण कायद्याच्या दृष्टीनं तीन निरनिराळी दारं.

शाळा सुटल्यावर शाळेच्याच खोलीत भरणारे ‘गुड न्यूज’सारखे बायबल क्लब उघडपणे धार्मिक असतात. शाळा जर इतर संस्थांना खोली देत असेल तर केवळ धार्मिक म्हणून यांना नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००१ च्या ‘गुड न्यूज क्लब विरुद्ध मिलफर्ड’ निकालात म्हटलं. आपली मराठी शाळा रविवारी शाळेच्या वर्गात भरते किंवा मंडळाची दिवाळी शाळेच्या ऑडिटोरियममध्ये होते, तीही साधारण याच सर्वांना समान न्याय या तत्त्वावर.

शाळेच्या वेळेत मुलांना बाहेर नेऊन धार्मिक शिक्षण देणं हा दुसरा प्रकार. १९४८ मध्ये न्यायालयानं हे शाळेच्या इमारतीत करायला मनाई केली. १९५२ मध्ये इमारतीबाहेर, पालकांच्या लेखी संमतीनं आणि सरकारी पैशाविना चालेल असं सांगितलं. ओहायोत सुरू झालेली ‘लाइफवाइज अकॅडमी’ याच वाटेनं गेल्या काही वर्षांत झपाट्यानं पसरली आहे.

तिसरा प्रकार आपला: मदत करणारे मेंटॉर आणि स्वयंसेवक. यात धर्मशिक्षण नसतं, नसलंच पाहिजे. सही करण्यापूर्वी कागद नीट वाचा. ‘बायबल’, ‘श्रद्धा’, ‘चारित्र्य शिक्षण’ असे शब्द दिसले आणि वेळ शाळेच्या तासातली असली तर ऑफिसला फोन करून विचारा, हा नेमका कुठला कार्यक्रम आहे.

यात हल्ली चौथी भर पडली आहे. टेक्सासनं २०२३ मध्ये शाळांना धर्मोपदेशक, म्हणजे चॅपलिन, पगारी किंवा स्वयंसेवक म्हणून घेण्याची मुभा देणारा कायदा केला. शाळेच्या काउन्सेलरला लागतो तसा परवाना त्यांना लागत नाही. गंमत अशी की विरोधाच्या पत्रावर खुद्द शंभराहून जास्त चॅपलिननीच सह्या केल्या आणि अनेक मोठ्या डिस्ट्रिक्टनी ठराव करून नकार दिला.

चर्चला यातून मिळतं काय?

खरं सांगायचं तर बरंच काही. परोपकाराची शिकवण आहेच. पण अनेक जुन्या चर्चमध्ये बाकांवर पांढरे केसच जास्त दिसतात. निवृत्त माणसांना वेळ आहे, कामाची ओढ आहे आणि वस्तीत आपली जागा राहावी असं वाटतं. काहींना मनातून आशा असते की यातून एखादं कुटुंब चर्चकडे वळेल. ती आशा बाळगणं गुन्हा नाही. ती शाळेच्या दाराबाहेर ठेवता येते की नाही, एवढंच पाहायचं.

ओरेगनमधल्या पोर्टलंडचं उदाहरण यासाठी बोलकं आहे. २००८ मध्ये उपनगरातल्या साऊथलेक चर्चचे शेकडो लोक उत्तर पोर्टलंडच्या रूझवेल्ट हायस्कूलमध्ये एक दिवस साफसफाईला गेले. शाळा गरीब वस्तीतली, पटसंख्या उतरलेली. बहुतेक ठिकाणी गोष्ट फोटो काढून संपते. इथे माणसं येत राहिली: कपड्यांची खोली, शिकवणी, खेळाच्या संघाला मदत. पोर्टलंड म्हणजे चर्चकडे संशयानं बघणारं शहर, त्यात चर्च इव्हँजेलिकल, म्हणजे धर्मप्रसारावर भर देणाऱ्या, पंथाचं; आणि २००९ मध्ये शहराचे महापौर झालेले सॅम ॲडम्स उघडपणे समलिंगी. तरी जमलं, कारण शाळेत प्रचार करायचा नाही हे सुरुवातीलाच ठरलं आणि पाळलं गेलं.

या मदतीत ‘सगळ्या पिढ्या’ असतात असं म्हणतात. पण आजी-आजोबाच येतात ना?

दिवसा येतात ते प्रामुख्यानं आजी-आजोबाच, कारण मंगळवारी सकाळी दहाला दुसरं कोण मोकळं असतं? नोकरदार मंडळी शनिवारी रंगकाम-सुतारकामाला येतात. हायस्कूलची मुलं दप्तरं भरतात, धाकट्यांना गणित शिकवतात. त्यांनाही तासांची गरज असते. मेरीलँडमध्ये तर हायस्कूल पास व्हायला समाजसेवेचे ७५ तास लागतात.

वयस्कर माणसं आणि लहान मुलं एकत्र आणण्याचा प्रयोग धर्माशी संबंध न ठेवताही झाला आहे. १९६५ पासून ‘फॉस्टर ग्रँडपेरंट’ हा सरकारी कार्यक्रम चालू आहे. नव्वदच्या दशकात ‘एक्स्पीरियन्स कोअर’ सुरू झाला. बाल्टिमोरमध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याचा पाठपुरावा केला. तिथले ज्येष्ठ आठवड्याला सुमारे १५ तास शाळेत देत. मुलांचं वाचन तर त्यांनी पाहिलंच, पण ज्येष्ठांचं काय होतं तेही पाहिलं: चालणं-फिरणं वाढलं का, मेंदू तल्लख राहतो का. सुरुवातीच्या छोट्या अभ्यासांत उत्तर होकाराकडे झुकणारं आलं. सहा महिने मुलाकडे येऊन टीव्हीसमोर बसलेल्या आपल्या आई-बाबांचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. त्यांच्याकडे पुढे येतोच.

हे कधीपासून चालू आहे?

‘शाळा दत्तक घ्या’, म्हणजे चर्चनं एक शाळा धरून नेमानं मदत करायची, हा प्रकार गेल्या तीस-चाळीस वर्षांतला. चर्च आणि शाळा यांचं नातं मात्र त्याहून कितीतरी जुनं, आणि सगळंच अभिमानानं सांगण्यासारखं नाही.

व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीची हकीकत माहीत असायला हवी. १९५१ मध्ये फार्मव्हिलच्या मोटन हायस्कूलमध्ये कृष्णवर्णीय मुलं डांबरी कागदाच्या झोपडीवजा खोल्यांत शिकत होती. बार्बरा जॉन्स या १६ वर्षांच्या मुलीनं संप घडवून आणला. तिथल्या फर्स्ट बाप्टिस्ट चर्चचे पास्टर एल. फ्रान्सिस ग्रिफिन मुलांच्या पाठीशी उभे राहिले. हा खटला पुढे १९५४ च्या सुप्रसिद्ध ‘ब्राऊन’ निकालाचा भाग झाला आणि शाळांतलं वर्णभेदी विभाजन घटनाबाह्य ठरलं.

काउंटीनं त्यावर काय केलं? गोऱ्या-काळ्या मुलांना एकत्र बसवण्यापेक्षा १९५९ मध्ये सगळ्या सरकारी शाळांना कुलपं लावली. पाच वर्षं! गोऱ्या मुलांसाठी खासगी ‘अकॅडमी’ निघाली आणि तिचे सुरुवातीचे काही वर्ग चर्चच्या इमारतींत भरले. कृष्णवर्णीय मुलांसाठीही चर्चच होती, पण त्यांच्या तळघरांत. तिथे बायका-पुरुष जमतील तसं लिहा-वाचायला शिकवत. मुद्दाम ‘शाळा’ म्हणत नसत, कारण तो पर्याय म्हणून मान्य केला असता तर काउंटीचं फावलं असतं. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी काही मुलांना परराज्यांतल्या कुटुंबांत राहायला पाठवून शिकवलं. शेवटी ग्रिफिन यांच्या मुलांच्या नावानं चाललेल्या खटल्यात १९६४ साली सर्वोच्च न्यायालयानं शाळा उघडायला लावल्या.

एकाच गावात एक चर्च सरकारी शाळा मोडणाऱ्यांना जागा देतं आणि दुसरं ती उघडावी म्हणून लढतं. आज चर्चच्या मदतीकडे कृष्णवर्णीय वस्त्या आणि गोरी उपनगरं वेगवेगळ्या नजरेनं का बघतात, ते यावरून थोडंफार कळतं.

माझ्या मुलाचं नाव मेंटॉरसाठी आलं. म्हणजे तो मागे आहे का? सही करू की नको?

मागेच असेल असं नाही. नुकतं राज्य बदललेलं मूल, वर्गात गप्प बसणारं, इंग्रजी अजून जिभेवर न रुळलेलं, घरात धाकटं भावंड आल्यानं बिथरलेलं: शिक्षक अशीही नावं देतात. आपल्याकडे ‘शिकवणी लागली’ हे कमीपणाचं मानतात म्हणून पालक आधी चिडतात. शिक्षकांना सरळ विचारा, याचंच नाव का? उत्तर बहुधा साधं असतं.

वाचन मागे असेल तर मात्र मेंटॉरवर विसंबू नका. तिसरीपर्यंत वाचन पक्कं झालं पाहिजे असा आग्रह आता बऱ्याच राज्यांनी धरला आहे. मिसिसिपीनं २०१३ च्या कायद्यानं तर तिसरीत परीक्षाच ठेवली. अडखळणाऱ्या मुलाला प्रशिक्षित शिक्षक लागतो. मेंटॉर सराव करून घेतो, ऐकतो, धीर देतो. चांगली शाळा स्वयंसेवकाला नेमकं काय वाचून घ्यायचं ते लिहून देते. ‘आमच्या वेळी असं शिकवायचे’ म्हणून स्वतःची पद्धत घुसवणारे आजोबा मुलाचा गोंधळ वाढवतात.

नकार दिला तर मुलाला काही तोटा होता कामा नये. कारण सांगायलाही तुम्ही बांधील नाही.

अनोळखी माणूस आणि माझं मूल. सुरक्षिततेचं काय?

नियमितपणे मुलांबरोबर बसणाऱ्याची पार्श्वभूमी तपासली जाते. किती खोलवर, ते राज्यावर अवलंबून. पेनसिल्व्हेनियात राज्य पोलिसांचा आणि बाल-अत्याचार नोंदीचा दाखला लागतो, राज्यात दहा वर्षांपेक्षा कमी काळ राहिलेल्यांना एफबीआयचे ठसेही. हे दाखले ६० महिने चालतात. इतरत्र नुसत्या नाव-जन्मतारखेवर भागवणारे डिस्ट्रिक्टही आहेत.

पण कागदी तपासणी फक्त आधी पकडले गेलेल्यांना अडवते. रोजची शिस्त जास्त महत्त्वाची. भेट वाचनालयात, कॉरिडॉरमधल्या टेबलावर, जिथे येता-जाता दिसेल अशा जागी. बंद दारामागे कधीच नाही. गाडीतून घरी सोडणं नाही, फोन नंबर किंवा इन्स्टाग्रामची देवाणघेवाण नाही, शाळेबाहेर भेट नाही, गुपचूप भेटवस्तू नाहीत. आणि मुलानं काही भयंकर सांगितलं, कुणी मारतं वगैरे, तर “कुणाला सांगणार नाही” असं वचन न देता त्याच दिवशी शाळेला कळवायचं. तुमच्या शाळेत हे नियम लेखी आहेत का, ते मागून घ्या.

शुक्रवारची खाऊची पिशवी आमच्या मुलालाही मिळाली. आम्ही काही गरीब नाही!

काही शाळांत सगळ्या वर्गाला देतात, म्हणजे कुणाकडे बोट दाखवलं जात नाही. नको असेल तर शांतपणे ऑफिसला कळवा. मुलासमोर “हे आपल्यासाठी नाही” असं म्हणू नका, शेजारच्या बाकावरच्याला ते कदाचित लागत असतं. नव्वदच्या दशकात आर्कान्सात एका शाळेच्या नर्सच्या लक्षात आलं की सोमवारी मुलं पोट दुखतंय म्हणून येतात, कारण शुक्रवारच्या दुपारच्या जेवणानंतर त्यांना धड खायला मिळालेलं नसतं. तिथून हा प्रकार देशभर गेला.

पिशवीत न शिजवता खाता येईल आणि मुलाला स्वतः उघडता येईल असंच असतं: मॅक अँड चीज, बीन्स, टूना, फळांचे कप. शाकाहारी घरांनी डबे वाचावेत; जिलेटिन अनपेक्षित ठिकाणी सापडतं. मंडळातर्फे मदत करायची असेल तर बीफ-पोर्क नसलेल्या पिशव्या भरून द्या. मुस्लिम, ज्यू आणि आपल्या, सगळ्याच मुलांची सोय होते.

आम्ही हिंदू आहोत. चर्चच्या उपक्रमात सामील होता येईल?

दप्तरं भरायला, भिंत रंगवायला कुणी धर्म विचारत नाही. मेंटॉर मात्र काही चर्च फक्त आपल्या सभासदांतूनच घेतात. तो त्यांचा अंतर्गत नियम. तसं असेल तर थेट शाळेकडे किंवा पीटीएकडे (पालक-शिक्षक संघाकडे) नाव द्या. शाळेला वाचन ऐकणारा हवा असतो, तो कुठल्या दारातून आला याच्याशी तिला देणंघेणं नसावं.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत. त्यांना शाळेत जाता येईल?

नातवाच्या वर्गात पाहुणे म्हणून गोष्ट सांगायला, पुस्तक प्रदर्शनाला, हरकत नसावी. ऑफिसमध्ये पासपोर्ट दाखवून पास मिळतो. दर आठवड्याची नेमणूक अवघड, कारण बऱ्याच डिस्ट्रिक्टच्या तपासणीला सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. व्हिसाच्या दृष्टीनं, जे काम इतर लोकही फुकटच करतात ते करणं आणि पगारी माणसाची जागा फुकटात भरणं यात फरक आहे, दुसरं टाळा. एच-४ वर (एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असणाऱ्यांनाही तेच लागू. शंका असली तर वकिलाला विचारा, ग्रुपवर नको.

इंग्रजी कच्चं म्हणून आजोबा कचरतात. पहिलीच्या मुलाचं वाचन ऐकायला फर्डं इंग्रजी लागत नाही, बैठक लागते.

शाळेला कमी पडतं ते सरकारनं द्यावं. चर्चच्या दयेवर का?

प्रश्न रास्त आहे आणि माझ्या मते टाळला जातो. इथल्या शाळांचा पैसा राज्य आणि स्थानिक कर यांतून येतो, त्यातही मालमत्ता करातून बराच. केंद्राचा वाटा थोडा. श्रीमंत वस्तीत घरं महाग, म्हणून शाळा भरलेली. गरीब वस्तीत उलट. चर्चच्या रंगाच्या डब्यानं ही विषमता झाकली जाते, मिटत नाही. आणि मोठी, पैसेवाली चर्च असतात तीही पुन्हा चांगल्या वस्तीतच.

काही पास्टरना हे कळतं. टेक्सासमध्ये २०१३ साली स्थापन झालेली ‘पास्टर्स फॉर टेक्सास चिल्ड्रेन’ ही संघटना चर्चना शाळेत स्वयंसेवक पाठवायला सांगते आणि त्याच वेळी राज्याच्या राजधानीत, ऑस्टिनला जाऊन आमदारांपुढे उभी राहते: सरकारी शाळांचा पैसा व्हाउचरकडे, म्हणजे खासगी शाळेच्या फीसाठी पालकांना द्यायच्या सरकारी मदतीकडे, वळवू नका. २०२५ मध्ये त्या लढाईत त्यांची बाजू हरली. एक अब्ज डॉलरची व्हाउचर योजना मंजूर झाली. पण मदत आणि मागणी एकत्र चालवता येते हे त्यांनी दाखवलं. जे चर्च शनिवारी शाळा रंगवतं आणि मंगळवारी शाळेच्या कराविरुद्ध मत देतं, त्याच्या रंगाचं कौतुक मला जरा जपूनच वाटतं.

महाराष्ट्रात असं कुठे आहे का?

आपल्याकडे चर्च आणि शाळा म्हटलं की कॉन्व्हेंट आठवतं, म्हणजे चर्चनं चालवलेली शाळा. चर्चच्या अशा काही शाळांची मुळं अमेरिकेत पोचतात. बोस्टनच्या मिशनरी संस्थेचं मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत सुरू झालं. १८२७ मध्ये आलेल्या सिंथिया फरार यांची अहमदनगरची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात शाळा काढली. सावित्रीबाईंनी फरारबाईंकडे प्रशिक्षण घेतलं. दुसऱ्यानं चालवलेल्या सरकारी शाळेत पाहुणा म्हणून जाऊन मदत करणं हे मात्र आपल्याकडे देवस्थानांनी किंवा चर्चनी फारसं केलेलं नाही. वह्यावाटप होतं, पण दर बुधवारी येणारं माणूस क्वचित.

कायद्याची चौकट आहे. राज्यघटनेच्या कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. शिक्षणहक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना तीन चतुर्थांश जागा दिल्या आहेत. २०२३ मध्ये राज्य सरकारनं दत्तक शाळा योजना आणली: देणगीदारानं पाच किंवा दहा वर्षांसाठी शाळा घ्यायची, रोख रकमेऐवजी वस्तू आणि सेवा द्यायच्या, बदल्यात शाळेला नाव देण्याचीही मुभा. त्यावरून खासगीकरणाचा आरोप झाला, आणि नावाच्या पाटीबद्दल तो मला पटतो. अमेरिकेतल्या सरकारी शाळेवर मदत करणाऱ्या चर्चचं नाव लागलं असतं तर पहिल्याच आठवड्यात खटला झाला असता.

आमच्या मंडळाला असं काही सुरू करायचं आहे. कुठून सुरुवात?

प्रिन्सिपलना भेटून एकच प्रश्न विचारा: तुम्हाला काय हवंय? आणि उत्तर ऐका. “आम्ही गणपतीत लेझीम दाखवतो” ही आपली हौस झाली. त्यांना कदाचित कॅफेटेरियात दोन माणसं हवी असतील. एकच शाळा धरा, तीही आपल्या मुलांची नको, पलीकडच्या वस्तीतली. पाच माणसं वर्षभर येतील एवढंच वचन द्या. पन्नास माणसं एकदा येऊन फोटो काढून गेली तर शाळेचा उलट एक दिवस खर्ची पडतो. आपल्यालाही तोच नियम: देव, पक्ष आणि धंदा दाराबाहेर.

काही खटकलं तर कुणाला सांगायचं?

आधी वर्गशिक्षक, मग प्रिन्सिपल, मग डिस्ट्रिक्ट ऑफिस, आणि तेही हललं नाही तर स्कूल बोर्डाची सभा. तिथे बहुतेक ठिकाणी कोणत्याही पालकाला काही मिनिटं बोलता येतं. ईमेलनं लिहा, म्हणजे तारीख राहते. मूल काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत लिहा, आपला निष्कर्ष वेगळा ठेवा. सुरक्षिततेची बाब असेल तर ही पायरी-पायरी सोडा आणि त्याच दिवशी थेट प्रिन्सिपलना फोन करा.